घाटातला पगार

टिटवाळा म्हटले की महागणपती आणि अंगारकीची रांग, एवढेच लोकांच्या डोळ्यांसमोर येते. पण हे गाव आणखी एका रांगेत उभे आहे. आगगाडी कल्याणला आली १८५४ च्या मे महिन्यात. तिथून टिटवाळ्यावरून वासिंदला पोहोचली १८५५ च्या ऑक्टोबरात. कसाऱ्याला १८६१ उजाडले, आणि थळ घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५. पन्नासेक मैलांना अकरा वर्षे लागली. या अकरा वर्षांत रुळांच्या तोंडाशी जी वस्ती असेल ती मुलखाची कड. पैसा पोहोचलेला, पण कायदा, दवाखाना आणि किराणा अजून वाटेत, अशी जागा.

अशा कडेवरच्या गावांच्या कथा ऑस्ट्रेलियाने फार हौसेने सांगितल्या आहेत. सोन्याच्या मागे धावलेली कुटुंबे, तंबूतले संसार, दारूचे गुत्ते, शिपायांची दांडगाई, आणि या सगळ्यातून उभे राहणारे गाव. त्यातले बॅलॅरट आपल्या रेल्वेचे समवयस्क आहे. कल्याणला गाडी आली त्याच वर्षी, ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे, परवान्याच्या जाचक फीविरुद्ध उठलेल्या खाणवाल्यांवर तिथे सैन्याने हल्ला केला. वीसहून अधिक माणसे मेली. पण पुढचे पाहा. राजद्रोहाचे खटले चालले ते सारे आरोपी सुटले, फी जाऊन वर्षाला एक पौंडाचा हक्कपरवाना आला, आणि बंडाचा पुढारी पीटर लेलर १८५५ मध्ये विधिमंडळात जाऊन बसला. त्यांचा झेंडा आज तिथे जपून ठेवला आहे. (ज्यांची ती जमीन मुळात होती, त्या आदिवासींना या कथेत जागा मिळायला मात्र फार उशीर झाला. ती भूमी कुणाचीच नव्हती, ही कायद्याची थाप तिथल्या न्यायालयाने १९९२ साली मोडीत काढली.)

आपल्याकडे असे काही घडलेच नाही काय? घडले. थळ घाटापेक्षा बोर घाटाचे कागद याबाबत अधिक बोलके आहेत. पळसदरी ते खंडाळा या चढणीचे काम फॅव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे होते. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, आणि सर्वांत खाली माणसे. माणसे एकेकटी येत नसत, कुटुंबेच्या कुटुंबे येत. पुरुषाने कातळात सुरुंगाची भोके पाडायची, बाईने आणि पोरांनी माती-दगडाच्या पाट्या वाहायच्या. पावसाळ्यात काम थंडावले की गावाकडे जायचे आणि उघडीप झाली की परत यायचे. १८६१ च्या सुमारास या एका घाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. आजच्या हिशेबानेही हे गाव लहान नव्हे. त्याला नाव नव्हते, एवढेच.

या निनावी गावात १८५९ च्या जानेवारीत दंगल झाली. मजुरांनी दगड-काठ्या घेऊन युरोपियन कर्मचाऱ्यांवर हल्ला केला. चौकशी बसली तेव्हा कारण निघाले अगदी साधे. पगार. तो उशिरा मिळत होता आणि कमी मिळत होता. वरून निघालेला पैसा खाली येताना मुरत होता. फॅव्हिएलने त्याच वर्षी कंत्राट सोडले. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईला उतरल्यावर काही दिवसांतच मरण पावला, आणि त्याची बायको ॲलिस हिने दोन जाणत्या इंजिनियरांना हाताशी धरून ते काम तडीस नेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. परक्या मुलखात नवरा गमावलेल्या बाईने सह्याद्री फोडण्याचे कंत्राट चालवावे, यात कादंबरी आहेच, आणि तिच्यावर लिहिले जाते तेही योग्यच. पण त्याच हंगामात तिथे पटकीने माणसे धडाधड मेली. ज्या मजूर बायकांचे नवरे गेले त्यांचे पुढे काय झाले? त्या पाट्या टाकून गावी गेल्या, की दुसऱ्या टोळीत शिरल्या? अंगावर घेतलेल्या उचलीची फेड कुणी केली? कादंबरीकार म्हणून मला या प्रश्नांपाशी थांबावे लागते, कारण पुढे एकही नाव सापडत नाही.

लोकांनी एक नाव मात्र जपले आहे. बोर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते देऊळ, आणि बक्षीस म्हणून त्याने स्वातंत्र्य मागितले तेव्हा त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे देव जाणे. वाट दाखवणाऱ्याला निदान देऊळ तरी मिळाले.

दंगलीनंतर बॅलॅरटला मताचा हक्क जवळ आला. बोर घाटानंतर आला १८६० चा नववा कायदा. मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट निकालात काढावेत, ही त्यातली बरी बाजू. काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला तुरुंगाची वाट दाखवणारी दुसरी बाजूही त्यातच होती. पैसे थकवणारा तुरुंगात जाणार नव्हता. हा कायदा रद्द व्हायला १९३२ उजाडले.

पगार थकणे म्हणजे काय, हे बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्याला घरच्या माणसांआधी कळते. एका कारखान्याच्या गावात मी काही वर्षे होतो. तिथला पगार बंद झाला तेव्हा पहिल्या महिन्यात कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या महिन्यात सोनेतारणाची रांग वाढली. आधी पाटल्या आल्या, मग कानातले, आणि मंगळसूत्राच्या वाट्या घेऊन माणसे आली ती सासू-सुनेचे भांडण घरी ठेवून. मग मुदतठेवी मोडल्या. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम मोडायला बाप एकटा येई, बायको बाहेर उभी राही. पुढे एकाच इमारतीतली दोन घरे एकमेकांशी बोलेनाशी झाली, कारण एक जण जामीन राहिला होता आणि हप्ता दुसऱ्याचा थकला होता. समाजाची घडी विस्कटते म्हणतात ती भाषणांत. मी ती जामिनाच्या नोटिशीत पाहिली.

टिटवाळ्याच्या अलीकडच्या स्टेशनाला, आंबिवलीला उतरले की मोहने. तिथला एनआरसीचा रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. हजारो कामगारांची देणी पुढे वर्षानुवर्षे रखडली. ती वसाहतही आपल्या परीने कडेवरचेच गाव होती. माळावर कारखाना आला, कारखान्याभोवती घरे आली, आणि घरांना वाटले की आता हे कायमचे. तिथल्या थकलेल्या देण्यांच्या बातम्या आपण वाचल्या आणि पान उलटले, कारण पगार हा आपल्याकडे कथेचा विषय मानला जात नाही. शौर्य, त्याग, प्रेम, जातीचा अभिमान यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो. महिन्याच्या सात तारखेवर लिहायला आपल्याला संकोच वाटतो. बोर घाटाच्या दंगलीची तारीख आपल्या एकाही पोराला ठाऊक नसते, ते उगीच नव्हे.

कल्याणहून कसाऱ्याच्या बाजूला तिसरा मार्ग टाकण्याचे काम गेली काही वर्षे रेंगाळत चालले आहे. मध्यंतरी टिटवाळ्याच्या पुढे रुळांच्या कडेला पत्र्याची चार-सहा खोपटी दिसली. एका खोपटाला झोळी टांगलेली, झोळीत मूल, आणि आई भरावावर घमेले घेऊन. कामाची जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तिच्या नवऱ्याला मी विचारले, पगार किती तारखेला होतो? त्याने आधी माझ्याकडे, मग बायकोकडे पाहिले.

“ते मुकादमाला इचारा, साहेब,” बायको म्हणाली.

मुकादम गावाला गेला होता.