काडीवरच्या केकची इभ्रत

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बहुतेक बेकऱ्यांत आणि घरून व्यवसाय करणाऱ्या आमच्या भगिनींच्या स्वयंपाकघरांत व्हॅलेंटाइन दिनाच्या ऑर्डरींची वही अर्धीअधिक भरलेली असेल. आणि त्या वहीत मोठ्या केकच्या जोडीने ज्या जिनसाची नोंद आता सर्रास आढळते, तो म्हणजे गुलाबी कवचाचा, गोल किंवा बदामाच्या आकाराचा, काडीवर उभा केलेला केक पॉप. या जिनसाविषयी आमच्या व्यवसायात एक समज रूढ होऊ पाहत आहे, तो असा की, विक्रीवाचून पडून राहिलेला केक खपवण्याची ही एक सोयीस्कर तजवीज आहे. या समजाचा स्पष्ट शब्दांत निषेध करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हा पदार्थ वयाने लहान आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अँजी डडली यांनी ‘बेकरेला’ या नावाने २००८ च्या सुमारास तो लोकप्रिय केला, २०१० साली त्यावरील त्यांचे पुस्तक निघाले आणि पुढल्याच वर्षी स्टारबक्सच्या अमेरिकेतील दुकानांत तो विक्रीस आला. या मूळ कृतीत केक मुद्दाम भाजला जातो, पुरता निवल्यावर त्याचा हाताने चुरा केला जातो आणि फ्रॉस्टिंगच्या बंधनाने त्याचे गोळे वळले जातात. केक समतल करताना त्याच दिवशी निघालेले वरचे थर व कडा वापरण्यास आमची हरकत नाही, कारण ते ताजेच असतात. परंतु चार दिवस काचेच्या कपाटात राहून कोरडा पडलेला स्पंज दुप्पट बटरक्रीममध्ये कालवून रंगीत कवचाआड लपवणे ही गिऱ्हाइकाची उघड फसवणूक होय, आणि पहिल्याच घासाला तोंडात राहणारा तुपकट गोळा ती फसवणूक जाहीर करतोच.

प्रमाणाची बाब येथे सर्वांत महत्त्वाची आहे. अर्धा किलो चुऱ्यास साधारणपणे शंभर ग्रॅम फ्रॉस्टिंग पुरते, आणि तेही एकदम न घालता थोडेथोडे घालून, मुठीत दाबलेला गोळा फुटत नाही असे दिसताच हात आवरावा लागतो. चुरम्याचे लाडू वळलेल्या हातांना हा अंदाज शिकवावा लागत नाही. पंचवीस ते तीस ग्रॅमांपेक्षा मोठा गोळा काडीवर तग धरत नाही. काडीचे टोक प्रथम वितळलेल्या कंपाउंडमध्ये बुडवून मग ती गोळ्याच्या निम्म्यापर्यंतच खोचावी, म्हणजे ते कंपाउंड थिजून काडीस धरून ठेवते. बदामाचा आकार करावयाचा असल्यास वरच्या खाचेत कवचाचा थर साचतो, म्हणून ती खाच उथळ ठेवणेच श्रेयस्कर.

कवचास तडे जातात, ही तक्रार आमच्याकडे वारंवार येते. फ्रीजरमध्ये दगडासारखा कडक केलेला गोळा कोमट कंपाउंडमध्ये बुडवला की बाहेरचा थर तत्काळ आवळतो, आतील गोळा मात्र तापत जाऊन फुगतो, आणि त्या ताणाने कवच फाटून भेगेतून तेल पाझरू लागते. गोळे फ्रिजमध्ये घट्ट करावेत, गोठवू नयेत. बुडवण्यापूर्वी काही मिनिटे बाहेर ठेवावेत, आणि कंपाउंड चाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या वर तापवू नये. ते दाट वाटल्यास पाणी वा दूध न घालता थोडे वनस्पती तेल घालावे, कारण पाण्याच्या चार थेंबांनी सारे पातेले घट्ट होऊन फुकट जाते. पाण्यात कालवलेला रंगही याच सबबीवर वर्ज्य असून येथे तेलात मिसळणारा रंगच चालतो. अस्सल चॉकलेट वापरणाऱ्या कारागिरांचे आम्ही मनःपूर्वक कौतुक करतो. मात्र त्यांनी टेम्परिंग चुकवू नये, आणि पांढऱ्या चॉकलेटाचे कामाचे तापमान अठ्ठावीस ते एकोणतीस अंशांच्या पलीकडे जाऊ देऊ नये. ज्यांनी कंपाउंड वापरले त्यांनी ते चॉकलेट म्हणून विकू नये, ही साधी सचोटीची अपेक्षा आहे.

रंगाविषयी आमचे मत ठाम आहे. पांढऱ्या कंपाउंडला गडद लाल करण्याच्या हव्यासापायी इतका रंग ओतला जातो की चव कडवट होते आणि कृत्रिम रंगाची कायदेशीर मर्यादाही ओलांडली जाण्याचा संभव असतो. फिकट गुलाबी छटा अधिक शोभिवंत दिसते, आणि ती साधण्यास सुकवलेल्या स्ट्रॉबेरीची अगदी बारीक, पूर्ण कोरडी पूड पुरेशी होते. फेब्रुवारी हा तर महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा भर हंगाम. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ आपल्या दाराशी असताना बाटलीतील कृत्रिम सुगंधावर विसंबावे, हे आम्हांस खेदजनक वाटते. ताज्या फळात पाणी फार असल्याने ते थेट चालणार नाही. परंतु त्याचा आटवून घट्ट केलेला मुरंबा फ्रॉस्टिंगच्या निम्म्या जागी घातल्यास आंबटगोड रुचीने कवचाचा गोडवा सुसह्य होतो.

काड्या कागदीच असाव्यात. १ जुलै २०२२ पासून कँडी व आइस्क्रीमच्या प्लास्टिक काड्या आणि सजावटीचे थर्मोकोल यांवर केंद्र सरकारची बंदी अंमलात आहे. गोळे वाळत ठेवण्यासाठी भोके पाडलेली लाकडी फळी एकदा करून घेतली की ती वर्षानुवर्षे पुरते. अंडे घातलेल्या जिनसावर मांसाहाराचे चिन्ह छापण्यात कसूर होता कामा नये. चमकीच्या डबीवर ‘खाण्यायोग्य’ असे लिहिलेले असेल तरच ती वापरावी; नुसते ‘बिनविषारी’ लिहिणे पुरेसे नाही.

राहता राहिला हिशेब. कच्च्या मालाची किंमत दुप्पट करून दर ठरवण्याचा शिरस्ता या जिनसाला लागू पडत नाही, कारण येथे माल थोडा आणि हातकाम अतोनात. प्रत्येक नग वळावा, खोचावा, बुडवावा, फिरवून ठिबकू द्यावा, कवच ओले असतानाच सजवावा आणि वेगळा बांधावा लागतो. ज्या भगिनी आपल्या तासांचा मोबदला जमाखर्चात मांडतच नाहीत, त्या स्वतःचे नुकसान करतातच, शिवाय शेजारच्या कारागिराचाही दर पाडतात.

म्हणून आमची सूचना अशी की, ऑर्डरींची वही ११ तारखेच्या सायंकाळी मिटावी, १२ तारखेस केक भाजून गोळे वळावेत, १३ तारखेस कवच चढवावे आणि माल १४ तारखेच्या सकाळीच रवाना करावा, कारण दुपारी आपल्याकडे पारा तिशी ओलांडतो, आणि फ्रिजमधून काढलेल्या कवचावर मुंबई-कोकणच्या दमट हवेत दव धरून रंग ओघळतो. जे यंदा प्रथमच या कामास हात घालीत आहेत, त्यांनी वीस नगांहून मोठी ऑर्डर स्वीकारू नये, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.