पीएसए फुकट, पण पुढचं कोण सांगणार?

नेत्यांचे वाढदिवस आणि निवडणुका जवळ आल्या की आमच्या तालुक्यात आरोग्य शिबिरांचे फ्लेक्स लागतात. डोळे, शुगर, बीपी हे नेहमीचंच. अलीकडे त्यात एक ओळ वाढलीय: "पन्नाशीपुढील पुरुषांसाठी प्रोस्टेट कॅन्सरची मोफत तपासणी." म्हणजे पीएसए ही रक्ततपासणी. मी वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. ही तपासणी लावणं आणि रिपोर्ट हातात देणं हे माझं रोजचं काम. बाई असून हा विषय कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या घरातून रिपोर्ट आणायला कोण जातं ते आठवून बघावं. बायको, सून, नाहीतर मुलगी.

माझं म्हणणं असं की, पुढची व्यवस्था नसताना असं सरसकट रक्त काढणं बंद करा.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन आहे. ते कॅन्सरचं नाही, ग्रंथीचं आहे. वयानुसार ग्रंथी साधी वाढली तरी ते वाढतं, लघवीत इन्फेक्शन झालं तरी वाढतं, नळी घातली असली तरी वाढतं. एका शिबिरातून बावन्न वर्षांचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. पीएसए ६.८, रिपोर्टवर आकड्याला लाल गोल केलेला, आणि बायको रडून रडून थकलेली. विचारलं तर पंधरा दिवसांपूर्वी लघवीला जळजळ, ताप, अँटिबायोटिक, सगळं झालेलं. डॉक्टरांनी दोन महिने थांबून परत तपासणी करायला सांगितली. आकडा आला १.९. ते दोन महिने त्या घरानं कसे काढले असतील? शिबिरात रक्त काढताना "लघवीचा काही त्रास झाला होता का?" एवढं जरी कुणी विचारलं असतं तरी चाललं असतं.

मग ही तपासणी निरुपयोगी आहे का? नाही. युरोपातल्या ८ देशांत सुमारे १,६२,००० पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. ज्यांना नियमित पीएसए तपासणीसाठी बोलावलं होतं त्यांच्यात या कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे ४५६ पुरुषांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. फायदा खरा आहे, पण त्या एकाच्या मागे बरेच जण असे असतात की ज्यांचा कॅन्सर सापडला नसता तरी काही बिघडलं नसतं. म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०१८ पासून सल्ला दिलाय की ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचा त्याने निर्णय घ्यावा, आणि सत्तरीनंतर सरसकट तपासणी नको. बोलून. आपल्या फ्लेक्सवर नेमका हाच शब्द नसतो.

सापडला की काढून टाका, हा आपला पुढचा हट्ट. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा अभ्यास झाला. ग्रंथीपुरताच मर्यादित कॅन्सर असलेले १,६४३ पुरुष तीन गटांत वाटले: एकाला ऑपरेशन, एकाला रेडिएशन, एकाला नुसती नियमित देखरेख. १५ वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले साधारण ३ टक्केच. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, हेही सांगायला हवं. पण ऑपरेशनवाल्यांमध्ये लघवी गळणं आणि शरीरसंबंधाच्या तक्रारी जास्त होत्या. कमी धोक्याचा कॅन्सर असेल तर "लक्ष ठेवून राहू" हा खराखुरा वैद्यकीय पर्याय आहे, डॉक्टरने हात वर केले असा त्याचा अर्थ नाही. बायॉप्सीच्या आधी एमआरआय करायचा का, हेही विचारा. कित्येकांची बायॉप्सी त्याने टळते.

प्रतिबंधाबद्दल मेसेज फिरतात त्यातलं बहुतेक सोडून द्या. "प्रोस्टेटसाठी" म्हणून व्हिटॅमिन ई च्या गोळ्या घेणारे मला भेटतात. अमेरिकेत ३५,००० पुरुषांवर हे तपासून झालंय. २०११ मध्ये निष्कर्ष आला की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हा कॅन्सर १७ टक्के जास्त. वजन आटोक्यात ठेवा, तंबाखू-सिगरेट सोडा, हे एकूण तब्येतीसाठी आहेच. खात्रीचा टाळण्याचा उपाय मात्र आज नाही. घराण्याचा इतिहास बघा. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला असेल तर धोका साधारण दुप्पट. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं: आई, मावशी, बहीण यांना कमी वयात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल तर तोच जनुकीय दोष मुलाकडे येऊ शकतो. अशा घरातल्या पुरुषांनी पंचेचाळिशीपासूनच डॉक्टरांशी बोलावं. तपासणी कुणाची करायची तर आधी यांची.

आता दुसरं टोक, ज्याचा मला जास्त राग येतो.

चौऱ्याहत्तर वर्षांचे एक आबा. वर्षभर कंबर दुखतेय. "मणक्यात गॅप आहे" हे आपल्याकडचं ठरलेलं निदान झालं. पट्टा झाला, तेल झालं, मालिशवाला झाला, इंजेक्शनं झाली. लघवीची धार बारीक, रात्री पाच वेळा उठणं, ते "वय झालं" या खात्यात. शेवटी पाय लटपटायला लागले तेव्हा कुणीतरी पीएसए लिहून दिला. आकडा हजाराच्या वर. रिपोर्ट न्यायला आलेल्या सुनेने विचारलं, "ताई, हे लघवीचंच आहे ना?" काय सांगणार मी? तो कंबरेचा त्रास मणक्यात पसरलेल्या कॅन्सरचा होता.

आपल्याकडे असे, हाडांत पसरल्यावर पोचणारे बरेच. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी असते. प्रोस्टेट त्यात नाही, आणि माझ्या मते सध्या ते योग्यच आहे. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात साठीपुढच्या पुरुषाला चार प्रश्न विचारायला कुठलं यंत्र लागतं? धार कशी आहे, रात्री किती वेळा उठता, लघवीत रक्त दिसलं का, कंबर रात्री झोपल्यावरही दुखते का. आणि हो आलं तर पाठवायला जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी युरोलॉजिस्ट हवा. शिबिराच्या मंडपाचा खर्च करणाऱ्यांनी हे मागावं.

पसरलेला असला तरी उपचार संपले असं नसतं. हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसतो आणि ते बंद केलं की बहुतेकांचा आजार वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून बरीच जास्त, आटोक्यात राहतो. चार्ल्स हगिन्स यांनी हे १९४१ मध्ये दाखवलं, त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याचे मुख्य मार्ग दोन. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर वृषणं काढायचं एकदाच होणारं छोटं ऑपरेशन. दुसरा मार्ग आपल्याकडे उच्चारतसुद्धा नाहीत. "बाबांना कसं सांगायचं?" म्हणून मुलं कर्ज काढून इंजेक्शनं देत राहतात आणि पैसे संपले की मधेच थांबतात. इच्छा कमी होणं, अंगातून गरम वाफा येणं, हाडं ठिसूळ होणं दोन्हीत सारखंच. इंजेक्शन बंद करता येतं हा त्याचा फायदा, आणि रेडिएशनबरोबर ठरावीक काळच द्यायचं असेल तर तेच बरोबर. कुणाला मनाने ऑपरेशन झेपणार नाही, तेही मान्य. पण आयुष्यभर द्यायचं असेल तर दोन्ही पर्याय, खर्चासकट, खुद्द त्या माणसासमोर मांडले जायला हवेत. मुलांनी परस्पर ठरवू नये. बऱ्याचदा म्हातारा मुलांपेक्षा धीट निघतो.

सोबत अ‍ॅबिराटेरॉनच्या गोळ्या लिहून दिल्या तर भारतीय कंपन्यांची जेनेरिक मागा. नेहमीचा डोस रोज १,००० मिलिग्रॅम, उपाशीपोटी. २०१८ मधल्या ७२ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात २५० मिलिग्रॅम हलक्या नाश्त्याबरोबर दिल्यावरही पीएसए तेवढाच उतरला. खर्च चौथ्या हिश्श्यावर येतो. हे स्वतःच्या मनाने करायचं नाही, पण परवडत नसेल तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा. आणि महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. पहिलं बिल भरायच्या आधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, आणि आपल्या पेशंटला लिहिलेलं नेमकं काय योजनेत बसतं ते विचारून घ्या.