पिकअपचे शॉकअप घरच्या अंगणात बदलताना

आपल्या समाजात कितीतरी घरांची रोजी एका पिकअपवर चालते. कुणी कोकणातून आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात पोहोचवतो, कुणी भाजी नेतो, कुणी फर्निचर. गाडी हाच त्या घराचा कमावता हात. म्हणून या महिन्यात आम्ही एका साध्या पण महत्त्वाच्या कामाविषयी लिहीत आहोत. मागचे शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, काढून चांगल्या प्रतीचे स्वतः कसे बसवावेत?

आधी एक गैरसमज दूर करू. गाडीतला माल शॉकअप उचलत नाहीत, तो पाटे उचलतात. खड्ड्यात चाक आपटले की पाटे दबतात आणि मग वरखाली झुलत राहतात. ते झुलणे थांबवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की हे तेल बारीक भोकांतून जाते आणि झोक्याचा जोर उष्णतेत बदलतो. खराब रस्त्यावर सतत चालून तेल तापते, त्याला फेस येतो आणि पकड सुटते. गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे फेस कमी होतो. चांगल्या शॉकअपचा खरा फायदा हाच.

तेव्हा भाईजान, नवे शॉकअप बसवले म्हणून चार पेट्या जास्त भरता येतील असे समजू नका. किती वजन चालेल ते आरसी बुकात लिहिलेले असते. शॉकअप बदलल्याने त्यात एक किलोचीही भर पडत नाही. ब्रेक, टायर आणि पाटे तेच राहतात.

बदलायची वेळ झाली हे कसे ओळखावे? नळीवर ओला, तेलकट थर दिसला, टायर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखा झिजला, किंवा स्पीडब्रेकर ओलांडल्यावर मागची बाजू दोन-तीन वेळा झुलत राहिली, तर शॉकअप गेले असे धरा. कोपरा हाताने दाबून बघण्याची रीत छोट्या कारला ठीक आहे. पिकअपचे पाटे कडक असतात, तिथे त्यातून फारसे कळत नाही.

खरेदी करताना आपल्याच मॉडेलचा शॉकअप मागा. लांबी चुकली तर तो खड्ड्यात तळाला आपटेल, नाहीतर ताणून तुटेल. नेहमी जोडीने बदला. एक नवा आणि एक जुना असेल तर गाडी वळणावर दोन तऱ्हेने वागते. फार कडक शॉकअपही घेऊ नका, रिकामी गाडी उड्या मारील.

आता काम. आदल्या रात्री चारही नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. हौदा रिकामा करा, गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर लावा. बऱ्याच पिकअपच्या खाली इतकी जागा असते की गाडी न उचलताच पाना चालतो. जमत असेल तर तसेच करा, त्यात धोका सर्वांत कमी.

उचलावीच लागली तर हे ध्यानात असू द्या. बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि गिअरही मागचीच चाके धरतो. ती उचलली की दोन्हींचा उपयोग संपला. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा. गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. एक्सेलखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड द्या. विटा नकोत, त्या वजनाखाली अचानक फुटतात. मुलांना तिथे फिरकू देऊ नका आणि घरातले एक मोठे माणूस हाकेच्या अंतरावर ठेवा.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू वॉशर आणि रबर बुशचा क्रम बघायला नमुना म्हणून राहते. खालचा नट काढा, मग वरचा. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ताणा, म्हणजे आतली हवा वर जाईल. गॅसचा शॉकअप पट्टीने बांधलेला येतो. तो जागेवर लावून वरचा नट हाताने बसवल्यावरच पट्टी कापा, तोंड बाजूला ठेवून. तो आपोआप लांब होतो.

नट आधी हलकेच लावा. बुश असलेल्या डोळ्याचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळा. गाडी अधांतरी असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. रिकामी गाडी थोडी फिरवून आणा आणि नट पुन्हा तपासा. जुना शॉकअप तापवू किंवा भोसकू नका, गॅसच्या दाबाने तो फुटू शकतो. तो भंगारवाल्याला सांगूनच द्या.

एक गोष्ट मात्र घरी करू नका. पुढे शॉकअपभोवती गोल स्प्रिंग बसवलेली असेल तर ते काम मिस्त्रीकडेच द्या. दाबलेली स्प्रिंग सुटली की माणूस जायबंदी होतो. मिस्त्रीची मजुरी वाचवण्यापायी घरच्या कमावत्या माणसाचा हात गेला, तर त्या बचतीचा हिशेब कुणी मांडायचा?

मागची जोडी बदलायला सवड काढून केले तर अर्धा दिवस पुरतो. घरातल्या मोठ्या मुलालाही सोबत घ्या. ज्या गाडीवर घर चालते ती खालून कशी दिसते, हे त्यालाही कळू दे.