काळी स्क्रीन, जुनं कार्ड आणि ‘फॉरमॅट मारू का?’

२९ डिसेंबर २०२५, सोमवार. मी कामानिमित्त जालन्यात होतो. सकाळी साडेनऊला देऊळगाव राजाहून फोन आला. बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारा माझा मित्र.

“दादा, कम्प्युटर चालू होतो, मिंटचा लोगो येतो, अन् मग काळंच. वर कोपऱ्यात एक रेघ लुकलुकते. बाहेर बाया उभ्या आहेत. फॉरमॅट मारू का?”

बाया उभ्या होत्या त्या लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी. आधीची १८ नोव्हेंबरची मुदत वाढून ३१ डिसेंबर झाली होती, म्हणजे हातात तीनच दिवस. ज्यांच्या फोनवर जमलं नाही त्या दुकानात. त्यात दुकानातला मोठा कम्प्युटर एकच. अशा वेळी काळी स्क्रीन म्हणजे काय होतं, ते दुकानदारालाच विचारा.

हा प्रसंग सविस्तर सांगतोय कारण आमच्यासारख्या गावांत तो वाढत जाणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. मित्राचा कम्प्युटर चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, वर टाकलेली एसएसडी. चालतो मस्त, पण विंडोज ११ च्या दारात उभं करत नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटची एक वर्षाची वाढीव सोय दिली आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. नवीन मशीन घ्यावं तर २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. म्हणून नोव्हेंबरात आम्ही त्याच्या मशीनवर लिनक्स मिंट २२.२ टाकलं होतं. अंगठ्याच्या मशीनसाठी जुना विंडोजचा लॅपटॉप कोपऱ्यात ठेवला, कारण त्याच्याकडच्या मशीनची सर्व्हिस लिनक्सवर चालत नाही. बाकी फॉर्म, प्रिंट, स्कॅन सगळं मिंटवर. दीड महिना तक्रार नव्हती.

तर, फॉरमॅट मारायचं नाही, हे मी आधी दोनदा सांगितलं. लोकांची कागदपत्रं, फोटो, अर्धवट भरलेले अर्ज सगळं त्याच डिस्कवर. काळी स्क्रीन म्हणजे डेटा गेला असं नसतं. बहुतेक वेळा डेटा जागेवर असतो, आणि तो घालवते ती घाई.

पहिला प्रश्न विचारला: गाडी नेमकी कुठपर्यंत जाते? हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारा, अर्धं निदान तिथेच होतं. बटण दाबल्यावर मदरबोर्डचा लोगोही येत नसेल तर लिनक्सचा काही संबंध नाही. केबल बघा, रॅम काढून साफ करून लावा, मॉनिटर दुसऱ्या मशीनवर लावून बघा. लोगो येतो, मिंट किंवा उबंटूचं चिन्ह येतं आणि मग काळं, तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. लॉगिनची पाटी येते, पासवर्ड बरोबर, तरी परत तीच पाटी, तर डिस्क भरली असण्याची शक्यता मोठी. किंवा कोणीतरी सुडो लावून नको ती गोष्ट उघडली आणि होम फोल्डरमधल्या फाइलींची मालकी बदलली.

आमचं दुसऱ्या प्रकारचं होतं. म्हणालो, “कंट्रोल, अल्ट आणि एफ-३ एकदम दाब.” काळ्या पडद्यावर लॉगिन असं लिहून आलं. इथे माझा जीव भांड्यात पडला. मशीन उठलं होतं, डिस्क वाचली जात होती, फक्त चित्र काढणारा कारागीर कामावर आला नव्हता. त्याने पासवर्ड टाकायला घेतला आणि ओरडला, “काहीच उमटत नाही!” उमटत नसतंच. तिथे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, न बघता टाइप करायचा आणि एंटर. हे आधी सांगायला मी विसरलो होतो.

मग विचारलं, काल रात्री काय केलं? थोडा वेळ शांतता. “अपडेट लावलं होतं. मधीच लाइट गेली.” इन्व्हर्टरवर ट्यूबलाइट आणि पंखा, कम्प्युटर नाही. आता चित्र स्पष्ट झालं. यात चूक माझीच, मशीन बसवताना यूपीएसचा विषय मी काढलाच नव्हता.

नेमकं काय झालं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात, कर्नल बदलला की तेही सोबत येतात. एनव्हिडियाचा कंपनीने दिलेला ड्रायव्हर बाहेरचा. प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचा तुकडा त्याच मशीनवर पुन्हा घडवावा लागतो आणि हे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था अपडेटच्या वेळी गुपचूप करते. मित्राच्या मदरबोर्डवरचा डिस्प्ले पोर्ट कधीच जळालाय, म्हणून त्यात सेकंडहँड जीटी ७१० कार्ड लावलंय. काल रात्री नवा कर्नल बसला, सुरू होण्याच्या यादीत त्याचं नावही लागलं, पण त्याच्यासाठी कार्डाचा तुकडा घडत असतानाच लाइट गेली. सकाळी नवा कर्नल उठला आणि त्याला कार्ड चालवणारा कोणी सापडला नाही. कर्नलमध्ये नूवो नावाचा पर्यायी मुक्त ड्रायव्हर असतो, पण कंपनीचा ड्रायव्हर बसवताना त्याला बाजूला केलेलं असतं.

दुरुस्तीपेक्षा आधी गिऱ्हाईक महत्त्वाचं. म्हणून त्याला रिस्टार्ट करायला लावलं आणि सुरू होताना शिफ्टची कळ धरून ठेवायला सांगितली. नव्या, यूईएफआय असलेल्या मशीनवर शिफ्टऐवजी एस्केप हलकेच दाबायची. ग्रबची यादी आली. दुसऱ्या ओळीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात कर्नलची नावं आकड्यांसह. सगळ्यात वरचं नवीन. त्याखालचं, रिकव्हरी न लिहिलेलं, निवडायला लावलं. मिनिटभरात डेस्कटॉप आला. जुन्या कर्नलसाठीचा तुकडा आधीपासून घडलेला होता, त्याला काही झालं नव्हतं. फोनवर मागून “झालं, झालं, या” असा आवाज आला आणि फोन कट.

उरलेलं काम संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. इंग्रजी कमांड फोनवर सांगणं ही एक वेगळीच कला आहे. “सुडो, स्पेस, डीपीकेजी, स्पेस, दोन डॅश, त्याला चिकटून कॉन्फिगर, स्पेस, एक डॅश आणि ए.” अर्धवट राहिलेली पॅकेजं यातून पुरी बसतात. “दोन डॅश म्हणजे अंडरस्कोअर का?” नाही. तिसऱ्या प्रयत्नात जमलं, ओळी पळायला लागल्या, आणि त्यातच ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी घडला. खात्रीसाठी ‘डीकेएमएस स्टेटस’ लिहायला लावलं, दोन्ही कर्नलपुढे इन्स्टॉल्ड दिसलं. रिस्टार्ट, नेहमीसारखं चालू. डिस्क किती भरली तेही बघून घेतलं, डीएफ, स्पेस, डॅश, एच. ६१ टक्के, ठीक.

दुपारी दुकानावर आलेल्या एका ओळखीच्या हार्डवेअरवाल्याने मात्र “लिनक्सचं असंच असतं, विंडोज टाकून देतो” असं सांगून ठेवलं होतं. त्याला दोष देत नाही. त्याच्या धंद्यात वीस मिनिटांत मशीन परत द्यायचं असतं आणि फॉरमॅट हा त्याला येणारा सगळ्यात खात्रीचा इलाज. पण विंडोज कुठलं टाकणार? सुरक्षा अपडेट बंद झालेलं. आणि त्याच मशीनवरून लोकांचे आधार क्रमांक आणि ओटीपी भरले जाणार.

आता जरा मोठ्या चित्राकडे. आमची काळी स्क्रीन अपघाताची होती, पण याच महिन्यात जगभर अनेकांना ती ठरवून झालेल्या बदलामुळे भेटली. एनव्हिडियाने आपल्या ५८० क्रमांकाच्या ड्रायव्हर मालिकेनंतर मॅक्सवेल आणि पास्कल पिढीची कार्डं सोडली. म्हणजे जीटीएक्स ७५० पासून ९०० आणि १००० मालिकेपर्यंत, जीटी १०३० सुद्धा. पुढची ५९० मालिका ती ओळखतच नाही. आर्च लिनक्स कायम ताजं सॉफ्टवेअर देतं, त्यामुळे डिसेंबरात तिथे ५९० आला आणि जुनं कार्ड असलेल्यांनी डोळे झाकून अपडेट केलं की ग्राफिकल स्क्रीन गायब. आर्चने आधी सूचना दिली होती, जुना ५८० वेगळा बसवा म्हणून. सूचना वाचतं कोण, हा प्रश्न तिथेही आहे.

मित्राचं जीटी ७१० त्याहून जुनं, केप्लर पिढीचं. त्याचा ४७० क्रमांकाचा ड्रायव्हर एनव्हिडियाने २०२४ मध्येच सोडला. तरी ते मिंटवर चालतं, कारण मिंट २२ चा पाया उबंटू २४.०४ आहे आणि तिथली मंडळी जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालता ठेवतात. हा पाया एप्रिल २०२९ पर्यंत सांभाळला जाणार आहे. त्यामुळे तालुक्याच्या दुकानात लिनक्स टाकणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: आर्च, फेडोरा वगैरे घरी शिकायला ठेवा, धंद्याला दीर्घ मुदतीची आवृत्तीच. यूट्यूबवर कोणी कितीही देखणा डेस्कटॉप दाखवो.

दुसरा बदल पडद्यामागचा आहे. लिनक्सवर चित्र काढायचं काम १९८७ मध्ये आलेली एक्स-११ नावाची व्यवस्था करत आली. तिची जागा वायलँड घेतोय, ज्याची सुरुवात २००८ मध्ये झाली. ऑक्टोबर २०२५ च्या उबंटू २५.१० मध्ये लॉगिनच्या वेळी एक्स-११ निवडायचा पर्यायच नाही. केडीईनेही प्लाझ्मा ६.८ पासून फक्त वायलँड असं जाहीर केलंय. मिंटचा सिनॅमन अजून एक्स-११ वरच सुरू होतो. हे महत्त्वाचं अशासाठी की केप्लरच्या ४७० ड्रायव्हरमध्ये वायलँडला हवी असलेली जोडणी नाहीच, ती नंतरच्या ४९५ पासून आली. म्हणजे एक्स-११ गेला की कंपनीचा ड्रायव्हर त्या कार्डाला जवळपास निरुपयोगी. मग उरतो नूवो. गंमत अशी की फॉर्म भरणं, पीडीएफ बघणं एवढ्यासाठी केप्लर कार्डावर नूवो पुरतो. उलट त्यापेक्षा नव्या ९०० आणि १००० मालिकेवर तो रेंगाळतो, कारण त्या कार्डांचा वेग वाढवायला कंपनीची सही असलेलं फर्मवेअर लागतं आणि ते बाहेर दिलं गेलं नाही. जास्त पैसे मोजून घेतलेलं कार्ड जास्त अडचणीत, असा उफराटा न्याय. एनव्हिडियाने २०२२ मध्ये कर्नलचा भाग खुला केला खरा, पण तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढेच.

‘आपल्याकडे लिनक्स कोण वापरतं’ असं म्हणणाऱ्यांना मी कोर्टाकडे बोट दाखवतो. ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबंटू निवडली गेली आणि खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर उभी केली. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्स आहे. या दोन्ही ठिकाणी स्क्रीन काळी झाली तर फोन करायला एक ठरलेला माणूस असतो. आमच्या गावात बालाजीच्या यात्रेला लागेल ती वस्तू मिळते, पण ग्रबची यादी उघडून दाखवणारा मिळत नाही. एमएस-सीआयटी शिकलेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेली पोरं भरपूर आहेत. त्यांना आठ-दहा तासांत इतकं शिकवता येईल. हे मी बोलून दाखवलं तर दोघं तयारही झाली, एकाने लगेच विचारलं, फी किती घ्यायची. बरोबरच आहे, फुकट कोणी किती दिवस करेल?

एक इलाज राहिला, तो सांगतो. पेन ड्राइव्हवरून मिंट टाकतानाच स्क्रीन काळी होत असेल, तर सुरुवातीच्या यादीत कम्पॅटिबिलिटी मोड निवडा. बसवून झाल्यावर पहिल्याच वेळी काळी झाली, तर ग्रबच्या यादीत ई ही कळ दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक स्पेस देऊन नोमोडसेट हा शब्द सलग, लहान अक्षरांत लिहा आणि एफ-१० दाबा. चित्र जाडंभरडं येईल, पण येईल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, मशीन बंद केलं की जातो. तेवढ्यात ड्रायव्हर मॅनेजर उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर बसवायचा. आणि जुना कर्नल लगेच काढून टाकू नका, निदान एक तरी मागे ठेवा. आम्ही वाचलो ते त्यामुळेच.

मित्राने ३१ तारखेपर्यंत दुकान रात्री दहापर्यंत उघडं ठेवलं. जानेवारीत त्याने छोटा यूपीएस घेतला. मॉनिटरच्या वर चिकटपट्टीने एक कागद लावलाय: ‘अपडेट फक्त रविवारी सकाळी. काळं झालं तर शिफ्ट धरा, दुसरी ओळ, जुना नंबर.’ त्याखाली पोराने पेनने लिहिलंय, ‘पासवर्ड दिसत नाही, तरी टाका.’