जावाचा प्रोग्राम स्वतःच्या पायांवर

आय. सी. एस. ई. परीक्षेस बसणाऱ्या आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस संगणक-उपयोजन या विषयांत जावा ही भाषा शिकविली जाते. दोन वर्षांच्या अखेरीस त्यांतील बहुतेकांस नांवें अकारविल्हे लावणारा किंवा गुणपत्रक छापणारा प्रोग्राम लिहितां येतो, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याच विद्यार्थ्यास जर म्हटलें कीं, "बाळ, हा तुझा प्रोग्राम कचेरींतील संगणकावर चालवून दाखव," तर तो गोंधळून जातो. तेथें ब्लूजे नसतें, एक्लिप्स नसतें, ओळखीचें बटणहि नसतें. मग प्रोग्राम चालवावयाचा तरी कसा, असा त्यास प्रश्न पडतो. या प्रश्नाचें उत्तर शाळेनेंच दिलें पाहिजे, आणि तें दिल्यावांचून मुलास जावा आली असें म्हणणें योग्य नव्हे, असें माझें स्पष्ट मत आहे. तें कां, हें येथें मांडण्याचा प्रयत्न करितों.

ब्लूजे, एक्लिप्स, नेटबीन्स अशा साधनांस आय. डी. ई. म्हणतात. लिहिणें, तपासणें, चुका दाखविणें आणि चालविणें हीं सारीं कामें एकाच खिडकींत करून देणारें तें एक सुसज्ज कार्यालयच होय. त्यांपैकीं ब्लूजे हें तर मुद्दाम शिकाऊ विद्यार्थ्यांसाठींच निर्माण झालें. ऑस्ट्रेलियांतील मोनॅश विद्यापीठांत मायकेल कोलिंग व जॉन रोझेनबर्ग यांनीं १९९९ सालीं त्याचें काम आरंभिलें. पहिल्याच दिवशीं मुलांस कमांडांच्या अरण्यांत न सोडतां भाषेच्या मूळ तत्त्वांकडे नेण्याचें मोठें कार्य या साधनांनीं केलें आहे, व त्यांस नांवें ठेवण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. माझा आक्षेप एवढाच आहे कीं, आम्ही मुलांस या कार्यालयांत नेतों, पण तेथून बाहेर पडण्याची वाट कोठें आहे तें दाखवीत नाहीं.

भाताचीं रोपें प्रथम वाफ्यांत दाट वाढवितात, हें कोंकणांतील मुलांस सांगावयास नको. वाफा नसेल तर रोप जोमानें उगवत नाहीं. परंतु तेंच रोप वेळीं उपटून खाचरांत लाविलें नाहीं, तर पीक म्हणून कांहीं हातीं लागत नाहीं. प्रोग्रामाचेंहि असेंच आहे. तो दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगीं पडावा म्हणून लिहावयाचा असतो, आणि त्या दुसऱ्याच्या संगणकावर आपला वाफा नसतो.

जावाची तर मूळ प्रतिज्ञाच ही होती. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनींत जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९९१ पासून जिचें काम चालविलें होतें, ती ही भाषा मे १९९५ मध्यें जगापुढें आली, ती 'एकदां लिहा आणि कोठेंहि चालवा' असें आश्वासन घेऊनच. हें आश्वासन दोन पायऱ्यांनीं पुरें होतें. 'जावासी' नांवाचा भाषांतरक आपण लिहिलेला मजकूर बाइटकोड नांवाच्या एका मधल्या भाषेंत उतरवितो व त्याची 'क्लास' फाईल तयार करितो. मग जावा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे जावाचें कल्पित यंत्र, तो बाइटकोड वाचून प्रत्यक्ष संगणकाकडून काम करून घेतें. विंडोज असो, लिनक्स असो कीं मॅक असो, त्या त्या संगणकाचें कल्पित यंत्र निराळें. बाइटकोड मात्र एकच. साधनांतील बटण दाबलें म्हणजे या दोन्ही पायऱ्या आपोआप चढल्या जातात. बाहेर त्या दोन कमांडांनीं चढावयाच्या असतात: आधीं 'जावासी' आणि फाईलीचें पूर्ण नांव, नंतर 'जावा' आणि केवळ वर्गाचें नांव. दुसऱ्या वेळीं '.क्लास' हें शेपूट जोडिलें, तर त्या नांवाचा वर्गच सांपडत नाहीं म्हणून यंत्र सांगतें. गोष्ट लहानशी खरी. पण मजकूर, फाईल आणि वर्ग या तीन भिन्न वस्तु आहेत हें ज्ञान तींतच सामावलें आहे.

बटण दाबतांना साधन आणखी चार गोष्टी न बोलतां पुरवीत असतें, आणि बाहेर पडतांच त्या चारहि आपल्या अंगावर येतात.

पहिली गोष्ट वर्गमार्ग. आपल्या प्रोग्रामास लागणारे दुसऱ्यांनीं लिहिलेले वर्ग कोठें शोधावे, हें यंत्रास सांगावें लागतें. माहितीकोशाशीं जोडून देणारी एखादी तयार जार फाईल साधनांत एकदां जोडिली कीं मुलगा ती विसरून जातो. बाहेर मात्र वर्ग सांपडत नाहीं अशी तक्रार होऊन प्रोग्राम थांबतो.

दुसरी गोष्ट चालू फोल्डर. 'गुण.टेक्स्ट' असें नुसतें फाईलीचें नांव प्रोग्रामांत लिहिलें असेल, तर यंत्र ती फाईल आपण ज्या फोल्डरांतून कमांड दिली त्यांत शोधतें. एक्लिप्स हें साधन प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरांतून प्रोग्राम चालवितें, पण तयार झालेले वर्ग 'बिन' नांवाच्या आंतल्या फोल्डरांत ठेवितें. तेथें जाऊन कमांड दिली कीं, काल सांपडणारी फाईल आज सांपडत नाहीं. शिवाय लिनक्सवर रोमन लिपींतील लहान व मोठें अक्षर भिन्न मानिलें जातें, त्यामुळें विंडोजवर खपून गेलेली हयगय तेथें खपत नाहीं.

तिसरी गोष्ट आवृत्ति. प्रत्येक क्लास फाईलीच्या आरंभीं ती कोणत्या जावासाठीं तयार झाली याचा आंकडा कोरलेला असतो: जावा ८ साठीं ५२, जावा १७ साठीं ६१, जावा २१ साठीं ६५. नव्या जावानें केलेली फाईल जुन्या यंत्रापुढें ठेविली, तर तें हा आंकडा पाहूनच काम नाकारतें. समोरच्या संगणकांत कोणता जावा आहे हें आधीं विचारून, भाषांतरकास त्या बेताची फाईल करावयास सांगणें, हाच यावर उपाय.

चौथी गोष्ट आम्हां मराठी लोकांस विशेष जवळची आहे, ती म्हणजे लिपि. मार्च २०२२ मध्यें जावा १८ आला; त्यापूर्वीं अक्षरांची कोणती संकेतपद्धति वापरावयाची हें जावा त्या त्या संगणकाच्या रिवाजावरून ठरवीत असे, आणि विंडोजवर तो रिवाज बहुधा असा असे कीं, त्यांत देवनागरीस जागाच नव्हती. साधनें मात्र पुष्कळदां यूटीएफ-८ ही सर्व लिपींस सामावून घेणारी पद्धति गुपचूप लावून देतात. त्यामुळें खिडकींत 'सावित्री' असें सुरेख उमटणारें नांव बाहेरच्या काळ्या पडद्यावर प्रश्नचिन्हांची ओळ होऊन बसतें. जावा १८ पासून यूटीएफ-८ हाच सर्वसाधारण नियम झाला. तथापि पडद्यावर छापतांना अजूनहि त्या पडद्याचीच पद्धति पाहिली जाते, म्हणून हा घोटाळा समूळ गेलेला नाहीं. आपल्या भाषेंतील नांव दुसऱ्याच्या यंत्रावर नीट उमटतें कीं नाहीं, याची काळजी आपण घेतली नाहीं तर दुसरें कोण घेणार?

या चार गोष्टी कोणी गूढ विद्या मानूं नये. घर सोडून परगांवीं निघालेला माणूस सामान कोठें आहे, उतरावयाचें कोठें, तेथें आपलें नाणें चालतें कां आणि आपली बोली समजते कां, एवढेंच तर विचारतो!

बाहेर पडल्यानें होणारा आणखी एक लाभ सांगितला पाहिजे. प्रत्येक प्रोग्रामाच्या आरंभीं 'मेन' ही ओळ आमचीं मुलें मंत्रासारखी पाठ लिहितात. त्या ओळीच्या कंसांतील शब्दांची माळ कशासाठीं असते, हें विचारलें तर उत्तर येत नाहीं. कारण साधनाच्या खिडकींत तिचा उपयोग क्वचितच दिसतो. कमांड देतांना वर्गाच्या नांवापुढें फाईलीचें नांव किंवा इयत्ता लिहिली, कीं तेच शब्द त्या माळेंतून प्रोग्रामाच्या हातीं येतात. एकदां हें डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे पाठांतराचें ज्ञान होतें.

दुसऱ्याच्या हातीं प्रोग्राम द्यावयाचा, तर वर्गांचा पसारा न देतां त्यांची एक जार फाईल करून देण्याची रीति आहे. जार म्हणजे झिप पद्धतीनें बांधिलेलें गांठोडेंच. त्यांतील मॅनिफेस्ट नांवाच्या चिठ्ठींत मुख्य वर्ग कोणता तें लिहावें लागतें. तें नसेल तर आरंभ कोठून करावा हें यंत्रास कळत नाहीं. जार म्हणून चालवितांना निराळा वर्गमार्ग सांगितला तरी यंत्र तो मनावर घेत नाहीं. तोहि चिठ्ठींतच लिहावा लागतो. विंडोजवर जारवर दोनदां टिचकी मारिली आणि कांहींच दिसलें नाहीं, म्हणून प्रोग्राम बिघडला असें मुलांस वाटतें. तो कित्येकदां चाललेला असतो. केवळ अक्षरें छापणाऱ्या प्रोग्रामास तशा रीतीनें पडदाच मिळत नाहीं, एवढेंच. ज्याच्या संगणकावर जावा मुळींच नाहीं, त्याच्यासाठींहि सोय आहे: मार्च २०२१ मध्यें आलेल्या जावा १६ पासून 'जेपॅकेज' हें साधन जावाबरोबरच पक्क्या स्वरूपांत मिळतें, आणि तें प्रोग्रामासह लागणारें कल्पित यंत्रहि एकत्र बांधून देतें.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, कोंवळ्या मुलांस काळ्या पडद्यापुढें बसविल्यानें तीं निराश होतील. हें भय अगदींच निराधार नाहीं, म्हणून आरंभ ब्लूजेनें करावा हें मला मान्य आहे. परंतु वाट पूर्वीपेक्षां पुष्कळ सोपी झाली आहे. सप्टेंबर २०१८ मधील जावा ११ पासून एका फाईलीचा प्रोग्राम भाषांतराची निराळी पायरी न घेतां एकाच कमांडनें चालवितां येतो. आणि सप्टेंबर २०२५ मधील जावा २५ मध्यें तर 'मेन' ची लांबलचक ओळहि आंखूड करण्याची मुभा कायम झाली. दुसरा आक्षेप असा कीं, मोठमोठे व्यावसायिकहि आय. डी. ई. च वापरतात. वापरतात खरें, पण त्यांचे प्रोग्राम अखेर दूरच्या सर्व्हरांवर चालतात, आणि तेथें बटण दाबावयास कोणी बसलेलें नसतें. मॅव्हेन, ग्रेडल यांसारखीं बांधणीचीं साधनें कमांडनेंच चालतात. व्यावसायिकास बाहेरची वाट ठाऊक असते, म्हणून त्यानें सोयीच्या खिडकींत बसण्यांत धोका नाहीं. आमच्या मुलास ती ठाऊक नसते.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच. "आमच्या घरचा संगणक जुना आहे, त्यावर तें साधन चालत नाहीं, म्हणून सराव होत नाहीं," असें म्हणणारीं मुलें प्रत्येक वर्गांत असतात. मोठ्या साधनांस कित्येक गिगाबाईट स्मृति लागते, हें खरेंच आहे. पण जावा शिकण्यास तीं साधनें लागतातच असें मुळींच नाहीं. सन कंपनीनें २००६ सालीं जावाचा मूळ मजकूर मुक्त परवान्याखालीं खुला करण्यास आरंभ केला, आणि आज ओपनजेडीके कोणासहि विनामूल्य मिळतो. तो, साधें नोटपॅड आणि कमांड देण्याचा पडदा एवढें भांडवल जुन्या संगणकासहि पेलतें. हें आम्हीं न सांगितल्यामुळें जर एखादें गरीब मूल ही विद्या आपल्यासाठीं नव्हे असें समजून मागें राहिलें, तर तो दोष त्याच्या गरिबीचा म्हणतां येणार नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी आहे. यापुढें शाळेच्या प्रदर्शनांत किंवा वार्षिक कामांत कोणताहि जावा-प्रोग्राम पुरा झाला असें मानण्यापूर्वीं, तो आय. डी. ई. नसलेल्या एका संगणकावर चालवून दाखवावा. विद्यार्थ्यानें एक फोल्डर आणावा. त्यांत जार फाईल असावी, लागणाऱ्या इतर फाईली असाव्या, आणि सहावींतील मुलालाहि वाचून प्रोग्राम चालवितां येईल अशी अर्ध्या पानाची मराठी सूचना असावी. प्रोग्राम नांवें छापीत असेल, तर त्यांत एक तरी नांव देवनागरींत असावें. हें सारें करण्यास खर्च मुळींच नाहीं, व दोन तासिकांहून अधिक वेळ लागेल असें मला वाटत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, मिशनच्या शाळा निघाल्या त्या विद्या शाळेच्या भिंतींत राहावी म्हणून नव्हे. आपण केलेली वस्तु आपल्या गैरहजेरींत, अनोळखी माणसाच्या घरीं, त्याच्या जुन्या यंत्रावर नीट चालावी, यासाठीं घेतलेली काळजी ही शेजारधर्माचीच एक रीति आहे. उद्यांपासून प्रोग्राम लिहून झाला कीं बटणावरून हात काढा, काळा पडदा उघडा, आणि आपलें लेंकरूं एकटें चालतें कां तें पाहा. पहिल्यानें तें अडखळेल. कां अडखळलें हें यंत्र तेथेंच लिहून दाखवील, आणि तें वाचावयास शिकणें हाच पुढचा धडा आहे.