माणसे मिळत नाहीत, की टिकत नाहीत?

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा यांपैकी कोणत्याही गावात लघुउद्योजकाजवळ धंद्याचा विषय काढावा, चार वाक्यांच्या आत एक तक्रार ऐकायला मिळते - 'माणसे मिळत नाहीत.' ही तक्रार खोटी नाही. परंतु त्याच गावांच्या बसस्थानकांवर रात्री पुण्याकडे निघालेल्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घरांना कुलपे लावून बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे बाहेर पडतात, हेही तितकेच खरे आहे. जो जिल्हा माणसे बाहेर पाठवतो, त्याच जिल्ह्यात उद्योगाला माणसे मिळत नाहीत, या विसंगतीचा विचार मात्र फारसा होत नाही.

जिल्ह्याच्या औद्योगिक मागासलेपणाची कारणे सर्वांना तोंडपाठ आहेत. अवर्षण, पाण्याचा तुटवडा, भांडवलाची वानवा, रेल्वेची उपेक्षा. २०१८मध्ये नीती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, गडचिरोली यांच्यासोबत तत्कालीन उस्मानाबादचे नाव तीत आले. ही सारी कारणे खरी असली, तरी ती पुरेशी नाहीत. याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर नगरी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात तिचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे. पर्जन्यछायेचा प्रदेश तेव्हाही हाच होता. पूर्ववैभवाचे गोडवे गाण्यासाठी हा दाखला दिलेला नाही. त्या काळी व्यापाराची घडी कशी बसली होती, ते पाहण्यासारखे आहे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. नहपान क्षत्रपाच्या या जावयाने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली आणि तिच्या व्याजातून भिक्षूंची सोय लावून दिली. राजाचा जावई विणकरांच्या हाती पैसा सोपवतो, आणि ते लेण्याच्या भिंतीवर कोरून ठेवतो! कामकरी माणसाला हिशेब कळतो आणि तो विश्वासाला पात्र असतो, हे गृहीत धरल्याशिवाय असे घडत नाही.

आज हेच गृहीतक हरवलेले दिसते. भूम परिसरातील खव्याच्या भट्ट्यांचे उदाहरण घ्यावे. दूध किती आटले, जाळ कधी कमी करायचा, खवा कढईच्या कडेला केव्हा सुटला, हे सारे ढवळणाऱ्या माणसाच्या हाताला कळते. मालाची प्रत त्याच्यावर अवलंबून असते. पण तो खवा बाजारात काय भावाने गेला, कोणत्या घाणाची तक्रार आली, हे या माणसाला सांगण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नाही. त्याच्याकडून अपेक्षा मात्र अशी की, त्याने 'आपलेपणाने' काम करावे. आपलेपणा मागून मिळत नसतो. धंद्यात ज्याचा वाटा नाही, ज्याला धंद्याची माहितीही नाही, त्याला पुण्यातल्या कारखान्यात चार पैसे जास्त मिळाले की तो जातो. यात त्याचा दोष काय?

सहकाराचे स्वप्न या प्रश्नाला उत्तर म्हणूनच पाहिले गेले होते. ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हा मराठवाड्यातील सहकारी साखर कारखानदारीच्या आरंभीच्या पर्वातील कारखाना. सभासद मालक, कामगार त्याच पंचक्रोशीतला, ऊस त्याच शिवारातला. तरीही हा कारखाना अनेक हंगाम बंद राहिला, जिल्हा मध्यवर्ती बँकेचे कर्ज त्यात अडकले आणि अखेर तो भाडेपट्ट्याने खासगी कंपनीच्या हाती गेला. त्याच जिल्ह्यात कळंब तालुक्यातील रांजणी येथे, १९९८मध्ये साखर धंदा परवानामुक्त झाल्यानंतर उभा राहिलेला 'नॅचरल शुगर' हा खासगी कारखाना टिकला आणि विस्तारला. यावरून खासगी ते चांगले व सहकारी ते वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तोट्यात बुडालेले खासगी कारखानेही महाराष्ट्राने पाहिले आहेत. कारणेही एकाहून अधिक असतात. परंतु सभासदाची ओळख वार्षिक सभेतील हात वर करण्यापुरती उरणे आणि नोकरभरती निवडणुकीच्या हिशेबाने होणे, हे दुखणे राज्यातील कितीतरी सहकारी संस्थांना जडले, हे सहकारातील जाणती मंडळीही खासगीत मान्य करतात. कागदोपत्री मालकी होती. जे प्रत्यक्ष राबत होते त्यांच्याकडे माहितीही नव्हती आणि निर्णयही नव्हता.

याउलट जे घडले, तेही याच जिल्ह्यात, आणि ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडाही नव्हता अशांच्या हातून घडले.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा भूकंप मराठवाडा विसरणे शक्य नाही. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे क्षणार्धात ढिगाऱ्यात गेली. पुनर्वसनाच्या कामात ज्या घरांची पडझड झाली होती, त्यांच्या दुरुस्तीचा आणि बळकटीकरणाचा मोठा कार्यक्रम शासनाने हाती घेतला. अनुदान हप्त्याहप्त्याने घरमालकाला मिळणार आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचे, अशी योजना होती. पण शासकीय नियम, भूकंपरोधक बांधकामाचे तंत्र आणि गावकरी यांच्यामध्ये दुवा कोण होणार? त्यासाठी लातूर-उस्मानाबादच्या गावागावांत 'संवाद सहायक' म्हणून स्त्रिया नेमण्यात आल्या. ज्या बाईने तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढलेली नव्हती, ती सिमेंटच्या गोण्या मोजू लागली, अभियंत्याला प्रश्न विचारू लागली. या कामाच्या संयोजनात असलेल्या प्रेमा गोपालन यांनी पुढे 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी केली. संस्थेच्या नावातच तिची कार्यपद्धती आहे.

घरे बांधून झाली, आता या स्त्रियांनी परत चुलीपाशी बसावे काय, असा प्रश्न होता. त्या बसल्या नाहीत. बचत गट झाले, गटांतून लहान धंदे निघाले. गंधोरा (ता. तुळजापूर) येथील गोदावरी डांगे यांचे नाव या संदर्भात आवर्जून घ्यावे लागेल. अल्पवयात विवाह, ऐन तारुण्यात वैधव्य, पदरी मुले. अशा स्थितीतून त्या बचत गटात आल्या आणि पुढे शेकडो स्त्रियांच्या नेत्या झाल्या. संस्थेने रुजवलेल्या 'एक एकर शेती'च्या पद्धतीचा त्यांनी गावोगाव प्रसार केला. ही पद्धत वरकरणी अगदी साधी आहे. कुटुंबाच्या शेतातील अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यायचा. त्यात सोयाबीनसारखे एकच नगदी पीक न घेता धान्ये, कडधान्ये, भाजीपाला अशी मिश्र पिके सेंद्रिय पद्धतीने घ्यायची. आधी घरचे ताट भरायचे, उरेल ते विकायचे. पण याचा गाभा पिकांत शोधण्यापेक्षा 'मागून घ्यायचा' या दोन शब्दांत शोधला पाहिजे. त्या एका एकरापुरता निर्णय तिचा. काय पेरायचे ते तिने ठरवायचे, चुकले तर तिनेच निस्तरायचे. राबत ती पूर्वीही होतीच, आणि नवऱ्यापेक्षा जास्तच राबत होती! फरक पडला तो निर्णय हाती आल्यामुळे. या कामासाठी २०१६मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर पुरस्कार' मिळाला.

हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांची कथा निखळ व्यवसायाची आहे. बांगड्या विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली. मग कुक्कुटपालन, शेळीपालन, सौर उपकरणांची विक्री. २०२१चा नारीशक्ती पुरस्कार त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला, तेव्हा वृत्तपत्रांनी 'यशस्वी उद्योजिका' म्हणून त्यांचे कौतुक केले. पण त्यांनी स्वतःला साधलेला धंदा इतर स्त्रियांना शिकवला, या गोष्टीकडे धंदेवाईक नजरेने पाहिले गेले नाही. बाजारपेठेतला रूढ समज असा की, शेजाऱ्याला आपली विद्या शिकवली तर गिऱ्हाईक वाटले जाते. परंतु एका घरच्या कोंबड्यांसाठी व्यापारी गावात गाडी पाठवत नाही. पन्नास घरांत कोंबड्या असल्या की तो आपण होऊन येतो आणि भावही बरा देतो. येथे औदार्य आणि हिशेब एकाच दिशेला जातात.

अपयशाचाही एक प्रसंग या कामात आहे, आणि तो अधिक बोलका आहे. २००५-०६च्या सुमारास बीपी या बड्या तेल कंपनीने ग्रामीण भागासाठी 'ऊर्जा' नावाची धूर कमी करणारी शेगडी काढली. शेतातील टाकाऊ पदार्थांपासून केलेल्या कांड्यांवर ती चालत असे. खेड्यात ती विकायची कोणी? या सख्यांच्या जाळ्यातून विक्री सुरू झाली. पुढे २००९मध्ये कंपनीने हा व्यवसाय दुसऱ्यांकडे सोपवला. कांड्यांसाठी लागणाऱ्या बगॅसचे भाव चढले, कांड्या महागल्या आणि घरगुती शेगडीचा व्यवहार मागे पडला. कोणत्याही वितरकाचे येथे दुकान बंद झाले असते. मात्र घरोघर जाऊन वस्तू कशी दाखवावी, उधारी कशी वसूल करावी, बिघडलेल्या वस्तूची तक्रार कशी निस्तरावी, हे शिकलेल्या स्त्रिया तिथेच होत्या. त्यांनी सौर दिवे विकायला घेतले. वस्तू बाजारातून गेली, माणसे उरली.

आपल्या उद्योगपरंपरेलाही हे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानातील निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर वसाहतीच्या रखवालीचे काम सोपवले होते. तेरच्या गोरोबाकाकांची संतपरीक्षेची कथा तर घरोघर ठाऊक आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे घेऊन जमलेल्या संतांची डोकी थापटली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले. ही कथा सांगताना लोक येथेच थांबतात. नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले, आणि मग त्यांचे काय झाले ते साऱ्या भारताने पाहिले. कच्चे मडके ओळखणारे मालक जिल्ह्यात पुष्कळ आहेत. ते फेकून न देता भट्टीत घालण्याची तयारी असलेले किती?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोंबड्या, भाजीपाला, सौर दिवे हे एक-दोन माणसांचे धंदे. तेथील अनुभव दोनशे कामगारांच्या कारखान्याला कसा लागू पडेल? पाळी, यंत्र, शिस्त यांचे शास्त्र वेगळे असते, हे खरेच. शिवाय हे सारे काम बऱ्याच अंशी एका संस्थेच्या आधारावर उभे राहिले. २०२२मध्ये प्रेमा गोपालन यांचे निधन झाले, तेव्हा आता हे जाळे विस्कटेल काय, अशी शंका घेणे स्वाभाविकच होते. पण ज्या कामातील गावपातळीवरचे नेतृत्व त्या त्या गावातच घडलेले असते, त्या कामाला असा धक्का सोसण्याची शक्ती अधिक असते. एका अध्यक्षाच्या नावावर चालणाऱ्या किती संस्थांना आपल्याविषयी असे म्हणता येईल, याचा विचार जिल्ह्यातील धुरीणांनी एकदा करावा.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग मंजूर होऊन त्याचे काम हाती घेतले गेले. कौडगावच्या औद्योगिक क्षेत्रात तांत्रिक वस्त्रोद्योग आणण्याचीही चर्चा काही वर्षे चालू आहे. ही कामे मुंबई-दिल्लीत ठरतात, त्यांची वाट पाहावी लागते. आपल्या भट्टीचा, दुकानाचा, गिरणीचा महिन्याचा जमाखर्च कामावरच्या चार माणसांपुढे मांडायला मात्र कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. पहिल्या महिन्यात ती माणसे गप्प बसतील, दुसऱ्या महिन्यात फक्त उचलीचे बोलतील. तिसऱ्या महिन्यात त्यांतला एखादा विचारील, सरपणावर एवढा खर्च का होतो? त्या प्रश्नाने मालकाने रागावू नये, एवढीच तयारी लागते.