आजीचं घंगाळ आणि तीन पायांचा बेडूक

परवा आमच्या गल्लीतल्या एका घरातून तांब्याचं घंगाळ, पितळी हंडा आणि खापरपणजोबांच्या मोडी कागदांची पेटी भंगारात गेली. का? तर म्हणे फेंगशुईवाल्याने सांगितलं, जुन्या वस्तूत आधीच्या मालकाची ऊर्जा अडकून राहते. त्या जागी आता तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक बसलाय.

मंडळी, फेंगशुई म्हणजे शब्दशः वारा आणि पाणी. चीनमध्ये ही विद्या पूर्वजांची थडगी कुठे बांधावीत हे ठरवायलाही वापरत. पूर्वजांना जागा चांगली, तर वंशजांचं भलं. आणि आपण तिच्याच नावाने पूर्वजांना किलोवर विकतोय!

घंगाळाचं एक वेळ सोडा. पण ते कागद? १९७२ च्या कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांत पुरावशेष ठरतं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असलेच कागद जपतंय. आपल्याकडे मात्र बेडूक.

काल भंगारवाल्याकडे जाऊन आलो. पेटी मिळाली, रिकामी. कागद आदल्या दिवशीच रद्दीच्या गाडीत गेले होते.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर विकण्याआधी एक फोन करा. मोडी वाचणारा माणूस मी घेऊन येतो.